जोगेश्वरीच्या लेण्यात मी बोलून गेले

गेल्या उन्हाळ्यात माझं देवीशी बिनसलं होतं. भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला समोरून कुणीतरी बोलावं लागतं आणि माझी तक्रार नेमकी तीच होती. आमच्या यांना जिना चढताना धाप लागायला लागली, तपासण्या झाल्या आणि हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्याचं निघालं. एक डॉक्टर म्हणाले, बायपास करून मोकळे व्हा. दुसरे म्हणाले, घाई नको, सहा महिने गोळ्यांवर बघू. बंगळुरूचा मुलगा पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने, ठाण्याची मुलगी दुसऱ्यांच्या आणि माझी नणंद दोघांच्याही विरुद्ध, कारण तिला एक काढा माहीत होता. घरच्या ग्रुपवर सकाळपासून नुसता कल्लोळ असायचा. हेसुद्धा त्या ग्रुपवर होते, पण ते दोन्ही बाजूंच्या मेसेजना अंगठा दाखवून परत शब्दकोड्यात डोकं घालायचे. शेवटचा निर्णय मीच घ्यायचा, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं आणि खरं सांगायचं तर मीही. छत्तीस वर्षं मुलुंडच्या शाळेत शिकवण्यात गेली. कोणी कुठल्या बाकावर बसायचं, कोणी कोणाशी बोलायचं नाही, हे ठरवायची सवय लागते माणसाला.

तरी या बाबतीत माझा धीर होईना. चुकलं तर? म्हणून मी देवीला विचारायचं ठरवलं. माझी मैत्रीण सुनंदा मूळची मालवणकडची. त्यांच्या गावी देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी घरातल्या देवीच्या तसबिरीला ओल्या दोन पाकळ्या लावल्या, उजवी बायपासची, डावी गोळ्यांची, आणि हात जोडून बसले. अर्धा तास काही झालं नाही. मग यांनी आत येऊन, अगं किती उकडतंय, म्हणत पंखा लावला आणि दोन्ही पाकळ्या एकदम उडून माझ्या चहात पडल्या. दुसऱ्या दिवशी पंखा बंद ठेवून बसले. त्या दिवशी पाकळ्या तसबिरीला अशा चिकटल्या की संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून काढाव्या लागल्या. तेव्हा मात्र मला राग आला. इतकी वर्षं नवरात्राचे उपास केले, गुडघे दुखत असताना डोंगर चढून ओट्या भरल्या, आणि आता एक साधं हो किंवा नाही सांगायला हिला जमत नाही. दिवा लावायचे, पण तसबिरीकडे बघायचे नाही. तेल घालायचं आणि वळायचं.

हे सगळं मंगलला कळलं. मंगल माझी शाळेपासूनची मैत्रीण. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिला प्राचीन लेण्यांचं वेड लागलंय. दर शनिवारी कुठेतरी जुन्या दगडांपुढे जाऊन उभी राहते आणि त्या दगडांना मार्क देते. ती म्हणाली, घरात बसून डोकं फिरेल तुझं, शनिवारी आपण तिघी जोगेश्वरीची लेणी बघायला जाऊ. मी म्हटलं, मे महिना आहे. ती म्हणाली, लेणं जमिनीच्या पोटात आहे, आत गारेगार असतं. सुनंदा म्हणाली, देवीचा ठिकाण आसा, मी येतलंय. आणि मला नाही म्हणता आलं नाही. देवीसाठी मी निघालेच नव्हते. घरातून बाहेर पडायला निमित्त हवं होतं, एवढंच.

आम्ही सकाळी आठला निघणार होतो. मंगलची छत्री सापडेना, सुनंदाचे घावणे होईनात, असं करत अकराला रिक्षा मिळाली. पवईच्या चढावर पुढे मेट्रोचं काम निघालं होतं आणि आम्ही तिघी त्या रिक्षात जवळजवळ पाऊण तास शिजलो. मंगल तेवढ्यातही आम्हाला खांबांचे प्रकार समजावून सांगत होती. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा तिच्याकडे बघितलं. उतरताना तो मला हळूच म्हणाला, ताई, मॅडमना पाणी पाजा, त्यांना ऊन लागलंय.

लेण्यात उतरायला दगडाच्या पायऱ्या आहेत. वर घरं, दुकानं, वाळत घातलेले कपडे, शिट्या मारणारे कुकर, आणि त्या सगळ्याच्या खाली हे दीड हजार वर्षांपूर्वीचं काळोखं देऊळ. चपला काढून आत गेलो तर खरंच गार वाटलं, पण डोळ्यांपुढे ठिपके नाचत होते. कुठेतरी वरून पाणी ठिबकत होतं. भिंतींवरच्या मूर्ती इतक्या झिजल्यात की हा देव की द्वारपाल, ते मंगलने सांगावं आणि आपण मान डोलवावी. कुणाला नाक नाही, कुणाचा हात खांद्यातून गेलेला, एका मूर्तीचा तर नुसता आकार उरलेला, जसा फळा पुसल्यावर खडूचा राहतो. मंगल टॉर्च मारून तारीफ करत होती. सुनंदा प्रत्येक आकारापुढे थांबून हात जोडत होती. मंगल तिला म्हणाली, अगं, हा कोण आहे ते तरी माहीत आहे का तुला? सुनंदा शांतपणे म्हणाली, "म्हायत नाय गो. पण आसा मां?"

माझ्या मनात मात्र भलतंच येत होतं. ज्यांना स्वतःचं नाक सांभाळता आलं नाही ते माझ्या घरातलं काय सांभाळणार, असं मी चक्क म्हणाले, मनातल्या मनात. लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशी तसंच वाटलं होतं.

मधल्या गाभाऱ्यात देवी आहे. मंगल आणि सुनंदा समोरून दर्शन घ्यायला गेल्या, मी नाही गेले. माझं डोकं गरगरत होतं. मी गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला अंधारात भिंतीला टेकून खाली बसले, पाय लांब केले, पदर तोंडावर घेतला. दगड इतका गार होता की पाठीतून सुख डोक्यापर्यंत चढलं. सुनंदा येऊन बघून गेली आणि लिंबू सरबत आणते म्हणून वर गेली. मंगल दूरच्या दारावरचं एक शिल्प मोजत होती. दुपारची वेळ, लेण्यात चिटपाखरू नाही. मला डुलकी लागली.

जाग आली ती माणसाच्या आवाजाने. गाभाऱ्याच्या पलीकडे, देवीपुढे, कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. आत कुणी नाही असं समजून माणूस जसा मोकळा बोलतो, तसं. "आई, वाट लागलीय माझी," तो म्हणत होता. आवाज चाळिशीतला, बसलेला, घसा कोरडा पडलेला. मी उठून निघून जायला हवं होतं. पण हललं तर त्याला कळेल, आणि बिचारा शरमेल, म्हणून मी श्वास धरून बसले आणि त्याचं सगळं ऐकलं. म्हातारी आई होती. तीन महिने याच्याकडे जोगेश्वरीला, तीन महिने थोरल्याकडे विरारला. दर तीन महिन्यांनी तिची पिशवी भरायची आणि तिला पोचवायचं. आता थोरला म्हणत होता, गावचं घर रिकामं आहे, तिथे ठेवू, बाई ठेवू. याची बायको म्हणत होती, आपल्याकडेच कायमची राहू दे, पण मग हॉलमध्ये मुलीचा अभ्यास कसा होणार. मामा काही वेगळंच म्हणत होते. बहिणीने बोलणं टाकलं होतं. रविवारी सगळे बसून ठरवणार होते. "काय करू सांग," तो म्हणाला. "एकदाच सांग. मी तसंच करतो."

तो बराच वेळ बोलला. आणि ऐकता ऐकता माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी खरंच ठरवून काही केलं नाही. अर्धवट झोप, ऊन, आणि वर्गात शेवटच्या बाकावरून चुकीचं उत्तर आलं की तोंडातून जो प्रश्न आपोआप निघतो, तो निघाला.

"आईला विचारलंस का रे?"

लेण्यात आवाज घुमतो, हे मंगलने सकाळीच सांगितलं होतं. माझा आवाज चार भिंतींवर आपटून माझ्याच कानात परत आला आणि मला घाम फुटला.  मग पलीकडून अगदी लहान मुलासारखा आवाज आला, "नाही."

आता मला गप्प बसायला हवं होतं. पण छत्तीस वर्षांची सवय. विद्यार्थी खरं बोलला की पुढचं सांगावंच लागतं. "मग आधी तिला विचार," मी म्हटलं. "आणि पाणी पी. घसा बसलाय."

तो "होय आई" म्हणाला आणि धाडकन खाली पडल्याचा आवाज आला. मला वाटलं त्याला चक्कर आली, मग कळलं की तो साष्टांग नमस्कार घालतोय. आणि त्याच क्षणी माझा फोन वाजला. लेण्यात रेंज नसते असं सगळे सांगतात. त्या दिवशी होती. माझ्या फोनची रिंगटोन म्हणजे देवीची आरती, टाळ-झांजांसकट. त्या अंधारात ती आरती अशी दणाणली की मलाच वाटलं कुठूनतरी मिरवणूक आली. पलीकडे तो माणूस उठून टाळ्या वाजवायला लागला. मी फोन पदराखाली दाबला आणि बंद करायला बटण शोधत पडद्यावर बघितलं. यांचा फोन होता. पडद्यावर यांचा फोटो होता, कॅरमच्या बोर्डामागे बसलेला, जरा बावळट हसणारा.

मी त्या फोटोकडे बघत राहिले. दोन महिने. दोन महिने मी दोन डॉक्टरांना विचारलं, मुलाला, मुलीला, नणंदेला, मंगलला, सुनंदाला, सुनंदाच्या गावच्या पुजाऱ्याला फोनवर, आणि देवीच्या तसबिरीला पाकळ्या चिकटवून. पण हे रोज माझ्यासमोर बसून जेवत होते, त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला काय वाटतं. पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. नाहीच विचारलं. गोळी घेतलीत का, एवढंच विचारलं होतं.

फोन कट केला. आरती मध्येच तुटली. पण पलीकडे तो माणूस थांबला नाही. राहिलेली दोन कडवी त्याने एकट्याने, टाळ्यांच्या ठेक्यावर, बसक्या आवाजात पूर्ण केली, घंटा जोरात वाजवली आणि त्याची पावलं पायऱ्यांकडे गेली. मी तशीच भिंतीला टेकून बसले होते. रडत होते की हसत होते, मला नीट सांगता येणार नाही. पाठीमागे दगडाच्या पलीकडे देवी होती, हातभर अंतरावर, आणि मी तिच्याकडे पाठ करून बसले होते.

मंगलने टॉर्च माझ्या तोंडावर मारून विचारलं, इथे काय करतेयस, आणि ती आरती कोणी लावली होती? मी उठले आणि पुढे जाऊन दर्शन घेतलं. काय म्हणाले ते मला आठवत नाही. बहुधा माफ कर म्हणाले असेन.

बाहेर पायऱ्यांवर तो बसला होता. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा, बाजूला फोडलेला नारळ. मला बघून म्हणाला, मावशी, तुमचा चेहरा लाल झालाय, बसा, आणि खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. "घ्या. आज देवी बोलली माझ्याशी." मंगलने भुवया वर केल्या. मी खोबरं घेतलं आणि मान खाली घातली. तो सांगतच होता. बाहेर येऊन तो आधी पाणी प्यायला होता, आणि मग तिथूनच त्याने आईला फोन केला होता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं. माझा आवाज ऐकून तो क्षणभर थबकला, माझ्याकडे बघितलं, आणि मग हसून म्हणाला, देवीचा आवाज अगदी आमच्या शाळेतल्या बाईंसारखा होता, मावशी, काय सांगू. मग म्हणाला, "आई म्हणाली, मला दोन्हीकडे राहायला आवडतं रे. फक्त ती पिशवी नको. पिशवी भरताना पाहुणी असल्यासारखं वाटतं. दोन्ही घरांत मला एकेक कप्पा द्या, त्याला चावी लावा, बस."  मग कपाळाला हात लावून म्हणाला, एक कप्पा, मावशी. आम्ही चार वर्षं भांडतोय.

मी त्याला खरं सांगायला हवं होतं का? रिक्षात बसल्यावर मी दोघींना सगळं सांगितलं. मंगल इतकी हसली की छत्री हातातून पडली, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, हे बरोबर नाही हं, माणसाच्या श्रद्धेशी खेळणं झालं हे. मला ते लागलं, कारण मलाही तेच वाटत होतं. सुनंदा रिक्षाबाहेर बघत सरबताची बाटली घट्ट धरून बसली होती. पवईचा तलाव मागे गेल्यावर ती म्हणाली, "खेळणा कसला? देवीक त्या टायमाक एक तोंड व्हया होता, तुझा गावला. मोठेपणा घेव नको, झाला." मंगलने वाकून छत्री उचलली.

घरी पोचले तेव्हा हे स्वयंपाकघरात सगळे डबे उघडून उभे होते. फोन त्याचसाठी होता, पन्ह्याचा गूळ सापडत नव्हता. मी गूळ काढून दिला, पन्हं केलं, दोघांचे पेले भरले आणि समोर बसले. इतकी वर्षं संसार झाला, पण तो प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळली. "अहो, ऑपरेशनचं… तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. आधी त्यांना वाटलं, मी आणखी काही सांगणार आहे, म्हणून ते थांबले. मग कळलं की मी खरंच विचारतेय. म्हणाले, ऑपरेशन करायचं हे तर मी पहिल्याच आठवड्यात ठरवलंय. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तुमचं सगळ्यांचं चाललं होतं. मध्ये कसं बोलायचं?" आणि मग, पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत, हळूच: "मला कापण्याची भीती नाही गं. मी गोळ्या घेत राहणार आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघत बसणार, जिना चढलो तरी, खोकलो तरी. त्या बघण्याची भीती आहे." मी त्या वेळीसुद्धा त्यांच्याकडे तसंच बघत होते. नजर खाली घेतली. तेव्हा ते म्हणाले, एकच अट आहे. उद्या रविवारी सोसायटीच्या कॅरमची फायनल आहे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पोचलोय. ती खेळतो, सोमवारी तुम्ही मला कुठे न्यायचं तिथे न्या.

डॉक्टरांना विचारलं, बसून खेळायला हरकत नाही म्हणाले. रविवारी हे फायनल हरले. राणी घेतली, पण कव्हर झाली नाही. दोष बोर्डाचा होता, असं त्यांचं आजही म्हणणं आहे. सोमवारी भरती झाले आणि बुधवारी सकाळी त्यांना आत नेलं. स्ट्रेचरवरून त्यांनी मला हात केला, जसा बसमधून करतात.

बाहेरच्या बाकावर माझ्या एका बाजूला सुनंदा नामस्मरण करत होती आणि दुसऱ्या बाजूला मंगल त्या हॉस्पिटलच्या खांबांना नावं ठेवत होती. मुलगा, मुलगी, नणंद, सगळे आले होते आणि नवल म्हणजे कुणी भांडत नव्हतं. मला आठवलं की संकटात मी नेहमी देवीशी वाटाघाटी करत आले. हे कर, मी ते करीन. हे झालं तर इतके उपास, ते झालं तर अमुक ओटी. समर्पण समर्पण म्हणून जे मी इतकी वर्षं करत होते, ते म्हणजे देवीला कामाची यादी देऊन बाहेर तिच्यावर लक्ष ठेवून बसणं होतं. त्या दिवशी मागायला म्हणून डोळे मिटले आणि काही सुचलंच नाही. डॉक्टर त्यांचं काम करत होते, हे स्वतःच्या इच्छेने आत गेले होते. माझ्याकडून व्हायचं ते एवढंच होतं की मी तिथे बसावं. मी बसले. भीती वाटत होतीच, पण त्या भीतीत कुणीतरी माझ्या शेजारी बसलंय असंही वाटत होतं, सुनंदा आणि मंगल सोडून.

चार तासांनी डॉक्टर आले आणि सगळं ठीक झालं म्हणाले. तो लेण्यातला माणूस कोण होता, मला माहीत नाही, पुन्हा कधी भेटला नाही. त्याला वाटतं त्या दुपारी देवी त्याच्याशी बोलली. मला वाटतं ती माझ्याशी बोलली. एकाच वाक्यात तिने दोन घरांचं काम केलं, आणि तेही माझ्या रुसव्याचं अजिबात वाईट वाटून न घेता. हे शुद्धीवर आल्यावर मला आत सोडलं. नळ्यांमधून ते काहीतरी पुटपुटले, मला कळलं नाही. मी घाईने, पाणी हवंय का, दुखतंय का, डॉक्टरांना बोलावू का, असं सुरू करणार होते. तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांचा हात धरला आणि ते पुन्हा बोलेपर्यंत थांबले.